तेवीस नंबरची लाल पाटी

व्हेस्टरनेस या आमच्या डॅनिश बंदरगावात शिडाच्या बोटी चालवायला शिकवणारी शाळा आहे, तिचं पत्रक मी काढते. मी म्हणजे बोदिल. पूर्वी इथल्या पोस्टात होते. पोस्ट बंद झालं, मी रिकामी झाले, आणि रिकामी बाई दिसली की लोक जे करतात तेच इथेही झालं, काम माझ्या गळ्यात मारलं. पत्रक महिन्यातून एकदा निघतं. अर्ध्यात बातम्या असतात आणि अर्धं ‘संधी’ या मथळ्याखाली. संधी म्हणजे फार काही समजू नका. शिक्षक होण्याच्या वर्गात दोन जागा शिल्लक आहेत, बुधवारच्या बोटीवर एक माणूस कमी पडतोय, कुणाला जुनं शीड फुकट हवं असेल तर येऊन घेऊन जा, मात्र ते उंदरांनी खाल्लंय. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. देणाऱ्याला राग येतो, येऊ दे. मी खोटं छापत नाही.

त्या वर्षी एप्रिलात येप्पे माझ्याकडे आला. येप्पे शाळेचा अध्यक्ष, अडतिशीचा, जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घेणारा. उत्साह एवढा की समोरच्याला दमायला होतं.

“बोदिल, पत्रकात पहिली बातमी माझी!” तो म्हणाला. “शाळेला नवी बोट मिळतेय. देणगी! पोरांना शिकवायला अगदी हवी तशी.”

“छान झालं. ठेवणार कुठे? तुझ्या न्हाणीघरात?”

तो हसला आणि मग खुर्चीच्या काठावर बसला. येप्पे काठावर बसला की पुढचं वाक्य वाईट असतं.

“समितीनं ठरवलंय. तेवीस नंबरची जागा.”

मी पेन खाली ठेवलं.

आमच्या बंदरात धक्क्यावर प्रत्येक बोटीची जागा ठरलेली असते आणि प्रत्येक जागेच्या खांबावर हाताएवढी पाटी असते. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. रात्री परत येणार असाल तर लाल ठेवून जायचं. म्हणजे कुणी तुमच्या जागेत घुसत नाही. बाहेरच मुक्काम असेल तर पाटी उलटून हिरवी करायची, म्हणजे वाटेवरच्या पाहुण्या बोटीला रात्रीपुरता आसरा मिळतो. आमच्याकडे माणूस कसा आहे हे लोक यावरून ठरवतात. पाटी हिरवी करायला विसरणारा म्हणजे कंजूष, मग तो लग्नात कितीही दारू पाजो.

तेवीस नंबरची पाटी नऊ वर्षं लाल होती आणि जागा नऊ वर्षं रिकामी. जुलैत बंदर असं भरतं की बोटी एकमेकींच्या कुशीत तीन-तीन बांधाव्या लागतात. पाहुणे येऊन विचारतात, ही जागा का मोकळी? कुणी सांगत नाही. ती जागा होल्गरची. म्हणजे खरं तर होल्गरच्या मुलाची, एस्किलची.

“होल्गरला विचारलंस?” मी म्हटलं.

“पत्र लिहिणार होतो…”

“पत्र! अरे, तो तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो.”

“म्हणून तर,” येप्पे म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला तो तरुण वाटला. “माझ्याच्यानं नाही होणार, बोदिल. मी एस्किलकडूनच शिकलोय सुकाणू धरायला. त्याच्यापेक्षा मोठा असून.”

म्हणून मी गेले.

होल्गर आयुष्यभर फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त करत आला. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, पण खिशात अजून पेचकस असतो. चर्चलासुद्धा घेऊन येतो. मी गेले तेव्हा तो अंगणातल्या छपरीत कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राचं पोट उघडून बसला होता. बायको तरुणपणीच गेलेली. मुलगा एकटा वाढवला. त्याला इंजिनं आवडावीत म्हणून होल्गरने काय काय केलं, आणि पोरगं निघालं वाऱ्याचं. सोळाव्या वर्षापासून बुधवारी संध्याकाळी शाळेत लहान मुलांना शिकवायला लागला. मुलं त्याच्या मागे बदकाच्या पिल्लांसारखी फिरायची.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नवी बोट, समिती, तेवीस नंबर. होल्गर हात पुसत राहिला. एवढा वेळ की हात पुसायचे उरले नाहीत.

“नाही,” तो म्हणाला.

“होल्गर, नऊ वर्षं—”

“मोजू नकोस. मला मोजता येतं.” त्याने माझ्यासाठी एक डबा उलटा करून ठेवला, बस म्हणाला. “तुला माहितीये त्या सकाळी आम्ही भांडलो होतो.”

माहीत होतं. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. एस्किलला कोपनहेगनला जायचं होतं, बोटी बांधणाऱ्या कारखान्यात. होल्गरला तो आपल्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात हवा होता.

“मी काय बोललो ते नाही माहीत तुला. मी म्हटलं, जा, कुठं जायचंय तिकडं जा, आणि रात्री जेवायला नाही आलास तरी चालेल.” त्याने फडकं घडी करून ठेवलं. “मग मी दुपारी कोळ्याकडं जाऊन दोन लेपे आणले. लोण्यात तळून, नवे बटाटे, त्याला आवडायचं तसं. राग आला म्हणून पोराला उपाशी ठेवतं का कुणी? संध्याकाळी धक्क्यावर गेलो बघायला, किती वेळ आहे म्हणून. पाटी हिरवी. त्याच्या जागेत एक जर्मन बोट, पोरंबाळं डेकवर पाव खातायत. मी समजलो. मी बोललो होतो ना, नाही आलास तरी चालेल? त्यानं माझा शब्द घेतला. स्वतःच्या हातानं पाटी उलटली आणि गेला.”

त्या रात्री वारा उठला होता. एस्किलची छोटी लाकडी बोट, ‘स्वाले’, दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीबोटीवाल्यांना वाळूच्या पट्ट्यावर आडवी पडलेली दिसली. एस्किल सापडला नाही. आजतागायत नाही. शोध सुरू झाला तोच दुपारनंतर, कारण त्याआधी कुणाला काळजीच वाटली नव्हती. पाटी हिरवी होती. हिरवी पाटी म्हणजे माणूस कुठेतरी सुखरूप मुक्कामाला आहे. बचाव पथकातला एकजण तेव्हा बोलून गेला होता, ऑगस्टच्या पाण्यात तरणा माणूस मध्यरात्रीपर्यंतसुद्धा तग धरतो. ते वाक्य बंदरात सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी परत उच्चारलं नाही.

“जर्मन लोक गेल्यावर मी पाटी लाल केली,” होल्गर म्हणाला. “तो हिरवी करून गेला. मी लाल केली. मी म्हणतोय, ये. जागा आहे तुझी. आता ती काढून घेतलीत, बोदिल, तर ये कोण म्हणणार?”

मी पंचवीस वर्षं पोस्टात लोकांच्या हातात वाईट बातम्या दिल्या आहेत. त्या दिवशी मला डबा सोडून उठवेना.

तिथून मी शाळेच्या गोदामाकडे गेले, कारण प्रेबेनशी बोलल्याशिवाय होल्गर हलणार नाही हे मला माहीत होतं. प्रेबेन होल्गरचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेचा सर्वांत जुना शिक्षक. व्हेस्टरनेसमध्ये ज्याला शिडाचा दोर धरता येतो त्याला तो प्रेबेनने धरायला शिकवलाय. दर गुरुवारी संध्याकाळी पत्त्यांचा जोड घेऊन होल्गरकडे जायचा. एस्किल गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात होल्गर जेवत नव्हता तेव्हा प्रेबेनने त्याच्या घरी जाऊन त्याला चमच्याने सूप पाजलंय. मला त्या माणसाबद्दल आदर होता. हे आधीच सांगून ठेवते.

तो उलट्या घातलेल्या बोटीचं बूड घासत होता. मी म्हटलं, तेवीस नंबर शाळेला द्यायचा ठरलाय, होल्गर नाही म्हणतो, तू समजाव.

त्याने घासणं थांबवलं नाही. “का नाही म्हणतो?”

“कारण त्याला वाटतं, एस्किलनं पाटी हिरवी केली ती त्याच्यावर रागावून. जेवायला येऊ नकोस म्हटलं म्हणून. नऊ वर्षं हे पोटात घेऊन बसलाय तो. मला आज कळलं.”

आता थांबला. घासायचा कागद त्याच्या हातातून पडला आणि तो उचलायला वाकलाच नाही.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“बोदिल, दार लावून घे.”

मी दार लावलं. तो बोटीच्या बुडावर बसला. प्रेबेन उंच माणूस, पण त्या दिवशी बसल्यावर जेमतेम माझ्या खांद्याला आला.

“पाटी त्यानं नाही उलटली. मी उलटली.”

“काय?”

“बुधवार होता. शाळेची संध्याकाळ. वारा वाढायला लागला होता, पोरांना मी लवकर आत घेतलं. ती जर्मन बोट बंदरात गोल गोल फिरत होती, बाई बिचारी रडकुंडीला आलेली, लहान पोर उलट्या करत होतं. जागा कुठंच नाही. आणि तेवीस रिकामी, पाटी लाल.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “एस्किल मला आदल्या आठवड्यात म्हणाला होता, बहुतेक बुधवारी शिकवायला नाही येणार, स्वेनबोर्गला मित्रांकडे जाणारे, राहणारे तिथं. मला वाटलं, विसरला पोरगा पाटी उलटायला. भांडून गेलाय, डोक्यात राख, विसरला. म्हणून मी उलटली. आपण सगळेच उलटतो की गं! शेजारी विसरला तर आपण उलटावी, जागा अडवून ठेवू नये, हे मीच शिकवतो ना पोरांना! मी उलटली, त्या बाईला हात केला, दोर घेतला, बांधून दिलं. तिनं मला चॉकलेट दिलं, बोदिल. मी ते खाल्लं.”

गोदामात वार्निशचा वास होता.

“म्हणजे पोरगं लाल ठेवून गेलं होतं.”

“लाल.”

“म्हणजे घरी येणार होतं. जेवायला.”

“हो.”

“आणि होल्गरनं रिकामी जागा आणि लाल पाटी पाहिली असती तर—”

“अंधार पडायच्या आत त्यानं अख्खं बंदर पाण्यात उतरवलं असतं. मला सांगू नकोस. मी रोज तेच बघतो.”

“मग सांगितलं का नाहीस, मेल्या?” मी ओरडले. बाहेर ऐकू गेलं असेल तर जावो. “नऊ वर्षं त्याच्या टेबलाशी बसून पत्ते खेळतोस! त्याला वाटतं पोरानं त्याला टाकलं!”

“सांगायलाच गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, त्यानं स्वतः उलटली रे. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग वाटलं, एस्किल सापडू दे, मग सांगू. मग सापडलाच नाही. मग वाटलं, सांगितलं तर काय देणार मी त्याला? पोरगा तुझ्यावर रागावला नव्हता हे देईन, आणि त्याच हातानं दुसरं देईन, की तू शांत झोपलास तेव्हा तो पाण्यात होता आणि वाचला असता. तूच सांग. कुठलं ओझं हलकं?”

मला आणखी राग आला. नऊ वर्षं त्याने उत्तर शोधलं आणि सापडलं नाही म्हणून गप्प बसला. आता ते माझ्याकडे मागत होता, जणू ‘संधी’त छापून टाकणार होते मी.

“हलकं कुठलं ते ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला?” मी म्हटलं. “ओझं त्याचं आहे. त्याच्या पोराचं आहे. मेमध्ये हंगामाची पताका चढते त्या दिवसापर्यंत सांग त्याला. नाहीतर मी सांगेन, आणि मी तुझ्याइतकी मऊ नाही.”

त्या महिन्याचं पत्रक मी काढलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. येप्पे रोज फोन करायचा, मी सांगायचे, छपाईचं यंत्र बिघडलंय. म्हणजे खोटं छापलं नाही, पण बोलले. मधल्या दोन्ही गुरुवारी प्रेबेन होल्गरकडे गेला. मी समोरच्याच घरात राहते, खिडकीतून दिसायचा. जाताना पत्त्यांचा जोड हातात, येतानाही तसाच. त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की सांगितलेलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बंदरात हंगामाची पताका चढते. सगळं गाव येतं. काळ्या पावावर हेरिंग मासे, कडक दारूचे छोटे पेले, येप्पेचं लांबलचक भाषण. नवी बोट दोरांना झेंडे लावून सजवली होती आणि बंदराच्या तोंडाशी थांबवली होती. आत कुठे आणायची हे ठरलेलं असूनही ठरलेलं नव्हतं. होल्गर तेवीस नंबरच्या खांबापाशी उभा होता. अंगात रविवारचा कोट. खांबावर एक हात. त्याला हट म्हणायची कुणाची हिंमत नव्हती आणि तो हटणार नव्हता.

पताका वर गेली. सगळ्यांनी तीनदा जयघोष केला. होल्गरने नाही केला.

मग प्रेबेन लोकांतून वाट काढत धक्क्यावर चालत आला. टोपी हातात. मी होल्गरपासून चार पावलांवर होते. प्रेबेनने माझ्याकडे पाहिलं नाही.

“होल्गर,” तो म्हणाला, “ही पाटी एस्किलनं नव्हती उलटली. मी उलटली होती. त्या जर्मन बोटीसाठी. मला वाटलं तो विसरला.”

होल्गर त्याच्याकडे बघत राहिला. आधी त्याला कळलंच नाही. दूरवर कुणीतरी अजून गात होतं.

“तू उलटली.”

“हो.”

“त्याआधी लाल होती?”

“लाल होती.”

“नीट आठवतंय? आता म्हातारपणी काहीतरी डोक्यात घेऊन—”

“मी उलटली, होल्गर. या हातानं. लाल होती.”

होल्गरने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग पाटीकडे. आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण मी बघत राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा सैल झाला. म्हातारा लहान मुलासारखा दिसला.

“म्हणजे तो जेवायला येणार होता,” तो म्हणाला.

“येणार होता.”

“माझ्यावर रागावून नव्हता गेला.”

“रागावलाही असेल. पण घरी येणार होता.”

“दोन लेपे आणले होते मी.” तो माझ्याकडे वळला, जणू हे मला सांगणं महत्त्वाचं होतं. “त्याच्या वाटचा मी मांजराला घातला, बोदिल. मला वाटलं येत नाही तो. मांजराला घातला आणि दिवा मालवून झोपलो.”

आणि तिथे त्याचं बोलणं थांबलं. झोपलो या शब्दावर. मी पाहिलं, दुसरी गोष्ट त्याला तेव्हा कळली. प्रेबेनलाही दिसलं. प्रेबेनने नजर वळवली नाही, एवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन.

“लाल दिसली असती तर मी…” होल्गर म्हणाला.

“हो,” प्रेबेन म्हणाला.

“अंधार पडायच्या आत.”

“हो, होल्गर.”

येप्पे लांबून हातवारे करत होता, बोट आत आणू का म्हणून. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात खिशात घातले.

होल्गरने खिशातून पेचकस काढला. वाकून पाटीचा खालचा स्क्रू फिरवायला लागला. नऊ वर्षांच्या खाऱ्या हवेने तो गंजला होता, हलेना. दोघं मित्र जन्मभर अशी कामं एकत्र करत आले होते. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. प्रेबेनचा हात आपसूकच पुढे गेला, पाटी धरायला.

“हात लावू नकोस,” होल्गर म्हणाला.

मोठ्याने नाही म्हणाला. पण प्रेबेन दोन पावलं मागे सरकला आणि मग तिथेच, धक्क्याच्या लाकडावर बसला. त्याला कुणी उठवलं नाही. मीही नाही. मला त्याची दया आली आणि त्याला माफ करणं मला जमलं नाही, दोन्ही एकाच वेळी, आणि अजून तसंच आहे.

स्क्रू निघाले. होल्गरने पाटी कोटाच्या आत घातली.

“जागा घे म्हणावं येप्पेला,” तो मला म्हणाला. “पोरांची बोट आहे. एस्किलनंही जागा दिली असती.”

“पत्रकात काय लिहू?”

“लिही की तेवीस नंबर शाळेला मिळाला. आणि लिही की एस्किल त्या दिवशी लाल ठेवून गेला होता.”

“आणि प्रेबेनचं?”

त्याने लाकडावर बसलेल्या प्रेबेनकडे पाहिलं. “त्याचं नको. ते मला कळलं, पुरे.” आणि तो घरी गेला. नवी बोट आत आली तेव्हा तो धक्क्यावर नव्हता.

पत्रक मी त्याच रात्री लिहायला घेतलं आणि रविवारी सकाळी वाटलं. पहिली बातमी येप्पेची, भरपूर उद्गारचिन्हांसकट, मी काढली नाहीत. खाली एक ओळ: एस्किल त्या संध्याकाळी आपली पाटी लाल ठेवून गेला होता. बाहेरच्या माणसाला यातून काहीच कळणार नाही. आमच्या बंदरात लोकांनी वाचलं आणि कॉफीचे पेले खाली ठेवले. आपल्या एस्किलला शेवटी कुणीतरी घरी आणलं, असं बेकरीवाली म्हणाली, आणि आत निघून गेली. संधींमध्ये मी एकच छापलं: बुधवारच्या मुलांसाठी शिक्षक हवा. प्रेबेनने काम सोडलं होतं. कारण विचारू नये, असंही छापलं.

गुरुवारी संध्याकाळी मी खिडकीशी बसले होते. प्रेबेन गल्लीतून आला. हातात पत्त्यांचा जोड होता. मला वाटतं, सवयीनेच उचलला असावा. होल्गरच्या दाराशी आला आणि थांबला.

दाराच्या चौकटीवर, घंटीच्या जरा वर, पाटी बसवलेली होती. लाल बाजू बाहेर. स्क्रू नवे, चकचकीत.

प्रेबेनने ती पाहिली. लाल पाटी दिसली की त्या जागी आपण जायचं नसतं, मालक आज रात्री परत येणार असतो, हे व्हेस्टरनेसच्या प्रत्येक पोराला त्यानेच शिकवलेलं. घंटीकडे गेलेला त्याचा हात खाली आला. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, मग वळला आणि आला तसा हळूहळू परत गेला.

आत स्वयंपाकघरात दिवा होता आणि लोण्यात मासे तळल्याचा वास गल्लीभर पसरला होता. सकाळी कोळ्याच्या गाडीपाशी होल्गरच्या मागे मीच उभी होते. त्याने दोन लेपे घेतले होते.